सगळा चीक

बिबट्याला मी घाबरत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आम्ही पाड्यात राहतो म्हटलं की बोरिवलीच्या टॉवरमधली माणसं पहिलं तेच विचारतात. बिबट्या आमच्या कुंपणाजवळून जातो, कधी कोंबडी नेतो, कधी कुत्रं नेतो. तो त्याच्या वाटेने, आम्ही आमच्या. मला भीती वाटायला लागली ती दारात गाय आली तेव्हापासून. आणि ही भीती मी कुणाला बोललो नाही. गवत खाणाऱ्या, मुकाट उभ्या राहणाऱ्या जनावराला घाबरतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

माझा बाप कोकणातून इकडच्या तबेल्यांसाठी गवत कापायला आला आणि जंगलाच्या कडेला राहिला. कुणबी माणूस. रिकामी जमीन त्याला बघवायची नाही. दगड वेचून वेचून त्याने वाडी केली. पावसाळ्यात थोडा भात, पुढे भेंडी, दुधी, पडवळ, माठ. ती वाडी आम्ही अजून कसतो. कागदात कुणाची आहे ते मला विचारू नका, कसण्यात आमची आहे. बापाच्या वेळची गावठी गुरं होती, ती एकेक करून संपली. मी चौथीपर्यंत शिकलो, पण गुरांत वाढलो. गुरांचं मला कुणी शिकवावं हे मी कधी ऐकून घेतलं नाही.

तर एका संस्थेने पाड्यातल्या बायकांना गाई द्यायचं ठरवलं. दुभतं जनावर फुकट द्यायचं, त्यावर घर चालवा, आणि पहिली कालवड झाली की ती पुढच्या बाईला द्या, अशी योजना. माझ्या सुनेने नाव दिलं. तीन-चार शनिवार कुठल्याशा प्रशिक्षणाला पण जाऊन आली, मला न सांगता. मला कळलं तेव्हा वाटपाच्या मंडपावर कापड लागलं होतं आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, दान. मी तो शब्द वाचला आणि माझं डोकं फिरलं.

"आपण दान घेणारे कधीपासून झालो?" मी सुनेला म्हणालो.

"मामा, शब्दात काय आहे? गाय बघा ना." ती मला मामा म्हणते, आमच्यात सासऱ्याला तसंच म्हणतात.

"घ्यायची तर घे. तुझ्या नावावर असू दे नाहीतर कलेक्टरच्या. धार मीच काढणार."

मंडपात पाहुणे होते, हार होते, मोबाईल वर करून फोटो काढणारे होते. गाय काळीपांढरी, संकरित, अंगाने आमच्या जुन्या गाईच्या दुप्पट. कानात पिवळा बिल्ला. सुनेच्या हातात दावं दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी पुढे झालो आणि गाईचा जबडा उघडून दात बघितले. घ्यायचं जनावर बघूनच घेतात. पण मंडपात हशा पिकला. आमची शेजारीण मागून मोठ्याने म्हणाली, "धर्माची गाय आणि दात का नाही म्हणतायत दादा!" मग तर पाहुणेही हसले. मी दात मोजल्याशिवाय हात काढला नाही. तोंड पूर्ण जुळलेली गाय होती, म्हणजे पहिलटकर नव्हे. ते मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

ही शेजारीण महत्त्वाची. नवरा वारलेली, टॉवरमध्ये साफसफाईला जाते, जीभ तिखट. यादीत आमच्या सुनेनंतर तिचं नाव. म्हणजे आमच्या गाईला होणारी पहिली कालवड तिची. त्यामुळे गाय आमच्या गोठ्यात आणि लक्ष तिचं.

गाय आली तेव्हा गाभण होती. विली, तर गोऱ्हा झाला. शेजारणीने माझ्याकडे असं बघितलं जणू मीच केला. संस्थेने तो गोऱ्हा पुढे वाडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला दिला. पण दूध! आमच्या बापाच्या गाई तांब्या भरायच्या आणि आम्ही त्यांना हळद वाहायचो. ही कळशी भरायची. पहिल्या दिवशी धार काढून उठलो तेव्हा माझ्या हाताला कळ लागली होती. एवढं दूध एका जनावरातून बाहेर येतं, म्हणजे आतलं काहीतरी रोज संपत असणार, असं मला वाटलं. कुणाला बोललो नाही.

गाय आल्यावर आमच्या घरात पैशाचं बोलणं बंद झालं आणि धारेचं सुरू झालं. सुनेने वाटणीच करून टाकली. सकाळची धार किराण्याची आणि गॅसची. संध्याकाळची धार नातीच्या कॉलेजची. पोराची रिक्षा भाड्याची, तिचं जे उरेल ते विजेला आणि आल्यागेल्याला. नातीला नवीन चप्पल हवी असली की सून म्हणायची, "संध्याकाळच्या धारेतून बघू." माझी ब्लड प्रेशरची गोळी सकाळच्या धारेत होती. गाईच्या सडातून माझी गोळी येते हे मला आवडत नव्हतं. पण गोळी घेत होतो.

सून स्कूटीवर किटल्या लावून टॉवरमध्ये दूध घालायची. एकदा तिला ताप होता म्हणून मी गेलो, तर एका बाईंनी दारात विचारलं, "काका, ही गीर गाय आहे का? देशी?" मी म्हटलं, "नाही बाई, फुकटची आहे." त्यांनी दूध घेतलं. दुसऱ्या दिवशी सुनेला म्हणाल्या, तुमचे सासरे फार विनोदी आहेत. मी विनोद केला नव्हता.

पण बघा ना. भाजीपाला, भात, रिक्षा हे सगळं आधी होतंच, घर आधीही चाललं होतं. ओढूनताणून का होईना, चाललं होतं. आता ते नीट चालायला लागलं आणि तेच वाईट झालं. सगळं चार सडांवर लटकलं. धार काढताना माझं कपाळ तिच्या कुशीला टेकायचं आणि आत काहीतरी गुरगुरायचं, आणि मला वाटायचं, हे थांबलं तर? गावठी गाय आजारी पडली की चार दिवस आधी सांगायची; उदास व्हायची, मागे राहायची. हिचं काही कळायचंच नाही. मोठे डोळे, त्यात मीच दिसायचो.

मग ती पुन्हा गाभण राहिली आणि दिवस भरत आले तशी तिला आटवावी लागली. विण्याआधी गाईचं दूध बंद करतात, तिला आणि पोटातल्याला ताकद राहावी म्हणून. ते मलाही ठाऊक होतं. पण गाय आटली तसं घर आटलं. गॅस जपून, म्हणून मी काट्याकुट्या आणून चूल पेटवली. नातीने बस सोडली, कॉलेजला चालत जायला लागली, वर म्हणाली, "आजोबा, फिटनेस." सुनेने काही न बोलता स्वतःच्या ताटातलं कमी केलं, ते मला भांड्यावरून कळलं. टॉवरमधल्या गिऱ्हाइकांना पिशवीचं दूध लागलं, ती परत येतील की नाही ही तिला काळजी. मी गोळी अर्धी करून घ्यायला लागलो.

शेजारीण रोज यायची. मुठीत गूळ घेऊन. गाईच्या पोटावर हात ठेवायची.

"कालवडच आहे, दादा. मी चाल बघते तिची."

"चालीवरून कळतं तर मागच्या वेळी काय झोपली होतीस?"

"मागच्या वेळी तुम्ही मध्ये मध्ये होतात."

कालवडच झाली. भर दुपारी, ऊन उतरायच्या आत, सुखरूप. गाईने चाटून चाटून तिला उभी केली. शेजारीण कामावरून धावत आली, साडीचा पदर खोचून गोठ्यातच बसली आणि रडायला लागली. "माझी गं बाय, माझी गं ती..." मी म्हटलं, "अजून तुझी नाही. दूध तुटल्यावर तुझी." ती म्हणाली, "तुम्ही मेल्यावर तरी गोड बोलणार का हो?" इतका आनंद होता.

आता चिकाचं सांगतो. व्यालेल्या गाईचं पहिलं दूध दाट, पिवळं, त्याला चीक म्हणतात, आणि त्याचा खरवस होतो हे कुणाला सांगायला नको. आमच्यात रीत अशी की वासराला आधी पाजायचं आणि मग कास पूर्ण मोकळी करायची. एक थेंब ठेवायचा नाही. राहिला तर कासेचा दगड होतो, सड जातो, गाय कामातून जाते. हे मी बापाच्या हाताखाली शिकलो. दुसरी रीत अशी की चीक विकायचा नाही. चीक वाटायचा. ज्याच्या घरी जाईल त्याने भांडं रिकामं परत द्यायचं नाही, तांदूळ घालायचे, गुळाचा खडा घालायचा, काही नाही तर चिमूटभर मीठ.

सून भीत भीत म्हणाली, "मामा, टॉवरमध्ये तीन घरांनी चीक सांगून ठेवलाय. मागू ती किंमत देतात. एवढे महिने आपण..."

"चीक विकत नाहीत."

"सगळा नको. थोडा."

"या घरात नाही विकत. आणि ऐक, पाड्यातल्या एकूण एक घरी जाईल. आपण दानाच्या गाईचं खातो म्हणतात ना? खाऊ देत त्यांनाही."

प्रशिक्षणात काहीतरी सांगितलं होतं पहिल्या चिकाबद्दल, असं तिने सुरू केलं होतं, पण मी तोवर कळशी घेऊन बसलो होतो. कालवडीला पोटभर पाजलं आणि बाकी सगळा काढला. संध्याकाळी काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी काढला, शेवटच्या धारेपर्यंत, सड रिकाम्या पिशवीसारखे लोंबेपर्यंत. मागच्या वेतालाही असाच काढला होता आणि गाईला काही झालं नव्हतं. घरी तीन पातेली खरवस लागला. वेलची मी स्वतः कुटली. पाड्यात भांडी फिरली. मी ओट्यावर बसून बघत होतो. बऱ्याच महिन्यांनी बरं वाटलं.

त्याच दुपारी गाय बसली.

मी एकटा होतो. पोरगा रिक्षा घेऊन, नात कॉलेजात, सून गिऱ्हाइकांना आता दूध सुरू होईल ते सांगायला गेलेली. मी कडबा टाकायला गोठ्यात गेलो तर गाय उभ्या उभ्या हलत होती. मागचे पाय लटपटत होते, दारू प्यालेल्या माणसासारखे. मी "हो, हो" केलं. ती बसली, बसली म्हणजे पडलीच, आणि मान वळवून डोकं स्वतःच्या कुशीवर ठेवलं. झोपलेल्या माणसासारखं. मी मान सरळ केली. सोडली की परत तिथेच. कानाला हात लावला आणि हात मागे घेतला. कान थंड होता. उन्हाळ्याच्या दुपारी, पत्र्याखाली, जिवंत जनावराचा कान थंड. नाक कोरडं. शेण नाही. डोळ्यासमोर बोट नेलं, पापणी हलली नाही.

कालवड पलीकडे खुंट्याला ओढत हंबरत होती आणि आई वळून बघत नव्हती.

मला वाटलं वारं लागलं. नाहीतर नजर. इतक्या घरी खरवस गेला, कुणाचा तरी डोळा लागलाच असणार. मी गोणपाट घेऊन तिचं अंग घासायला लागलो. मग शेणीचा धूर केला. मग घरात गेलो, तेल आणि गूळ गरम पाण्यात ढवळलं आणि बापाचा बांबूचा नळा शोधला. जनावराचं तोंड वर धरायचं आणि नळ्यातून औषध घशात ओतायचं, आम्ही कायम तसंच केलं आहे. घाईत अर्धं पाणी माझ्याच पायावर सांडलं.

तोवर शेजारीण आली. कालवडीला बघायला म्हणून आली होती. दारातच थांबली.

"दादा. काय झालं तिला?"

"काही नाही. बसली आहे."

"अशी बसते?"

तिने मला पुढे काही विचारलं नाही, तडक सुनेला फोन लावला. पाड्यात फोनपेक्षा बातमी लवकर जाते. बघता बघता गोठ्याच्या दारात दहा डोकी. एक म्हणतो मिरची ओवाळा. एक म्हणतो कान चिरा, काळं रक्त जाऊ दे. एक म्हातारी म्हणते डाग द्या पाठीवर. कोपऱ्यावरचा सलूनवाला आत डोकावला, त्याच्या हातात आमचं पातेलं. "काका, खरवस एकदम झकास होता," म्हणाला, आणि मग त्याला गाय दिसली. पातेलं ठेवून तो बाजूला झाला. पातेल्यात तांदूळ होते.

सून आली ती फोन कानाला लावूनच. जनावरांच्या डॉक्टरीणबाई, प्रशिक्षणात ओळख झालेल्या. सुनेने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"मान कुशीवर टाकलीये? कान गार? कधी व्याली?"

"काल दुपारी."

"मी गोरेगावहून निघतेय. ऐका, तिला आडवी पडू देऊ नका. छातीवर बसलेली ठेवा, दोन्ही बाजूंनी टेकू द्या. आणि तोंडातून काही म्हणजे काही पाजू नका. तिला गिळता येत नाहीये, फुप्फुसात जाईल."

मी ऐकलं. पण माझ्या डाव्या हातात गाईचा जबडा होता आणि उजव्या हातात नळा. गोरेगावहून माणूस हायवेने येणार म्हणजे कधी येणार? तोवर काय नुसतं बघत बसायचं? आणि फोनवरून गाय दिसते का कुणाला? मी जबडा वर केला.

"मामा, ठेवा तो नळा."

"तुला काय कळतं? आमच्या चार पिढ्या..."

"मामा!"

"अगं मरेल ती!"

सुनेने नळा धरला. मी ओढला. तिने सोडला नाही. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिने माझ्यासमोर आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. उलट इतकी हळू बोलली की दारातल्या लोकांनाही ऐकू गेलं नसेल.

"मामा, गाय माझ्या नावावर आहे."

मी नळा सोडला. राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला नाही. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं की ती माझ्याहून जास्त घाबरली आहे.

मग आम्ही टेकू दिला. एका बाजूला गवताचे भारे आणि भाताच्या तुसाची पोती. दुसऱ्या बाजूला पुरेसं काही मिळेना, तर मी बसलो. जमिनीवर, पाठ गाईला लावून, पाय समोरच्या खांबाला रोवून. तिचं सगळं वजन माझ्या पाठीवर. ती श्वास घ्यायची तेव्हा मी पुढे ढकलला जायचो आणि सोडायची तेव्हा मागे जायचो. दोन श्वासांच्या मध्ये थोडी जागा असायची. त्या जागेत मला काय काय दिसलं ते सांगता येत नाही. चूल दिसली. नात चालत जाताना दिसली, उन्हात, पुस्तकं छातीशी धरून. सून ताटात चमचा फिरवताना दिसली. मग परत श्वास यायचा आणि मी पुढे ढकलला जायचो. एकदा ती जागा लांबली. मी ओरडलो, "गेली गं!" आणि तेवढ्यात मला ढकलल्यासारखं झालं. शेजारीण म्हणाली, "दादा, तुम्ही ओरडू नका. ती तुमच्या आवाजानेच जाईल." तिच्या मांडीवर कालवडीचं डोकं होतं.

मी विचारलं, "ही गेली तर तुझी कालवड कशी जगेल?"

"वाटीने पाजेन. तुम्ही आधी हिला धरा."

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा हेल्मेट काढायच्या आधीच त्या गोठ्यात होत्या. माझ्या नातीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. कान बघितला, डोळा बघितला, छातीला नळी लावली आणि गरम पाणी मागितलं. औषधाची बाटली त्यात बुडवून ठेवली.

"चीक किती काढला?"

"सगळा, तिन्ही वेळा," मी म्हणालो. मी अजून टेकूच होतो.

"सगळा? तीन वेळा?"

"मग? कासेचा दगड होऊ द्यायचा?"

त्या चिडल्या नाहीत. मानेची शीर शोधता शोधता बोलत राहिल्या. "काका, ही गावठी गाय नाही. हिच्या अंगात दूध फार वेगाने तयार होतं. चिकाबरोबर तिच्या रक्तातला चुना निघून जातो. कॅल्शियम. तो संपला की स्नायू थांबतात. पाय थांबतात, पोट थांबतं, शेवटी हृदय थांबतं. तुम्ही वासराचं ठेवून बाकी कासेत थोडं राहू दिलं असतं ना..."

"मागच्या वेताला काही झालं नाही."

"मागच्या वेताला ती तरुण होती."

कालवडीजवळून शेजारीण म्हणाली, "म्हणजे दादांनी गाईला चुना लावला."

"लावला नाही," मी म्हणालो, "काढून घेतला." दोघं-चौघं हसले, मीही हसलो असेन, पण ते हसू नव्हतं, दात वाजत होते.

सुई शिरेत गेली. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या कुणाला तरी टेकू द्यायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही उंच आहात. बाटली धरा. मी खाली म्हटलं की लगेच खाली घ्यायची. औषध भरभर गेलं तर हृदय बंद पडेल."

म्हणजे औषधानेही मरते. मी बाटली धरली. त्या कानात नळ्या घालून गाईच्या छातीला चिकटल्या. बाटलीत बुडबुडे वर येत होते, एक, मग एक. माझा हात आयुष्यात असा कधी जड झाला नव्हता. खांदा भरून आला, सून म्हणाली, "मामा, द्या माझ्याकडे," मी मान हलवली. बोललो तर हात हलेल असं वाटत होतं.

"खाली!"

मी बाटली पार गुडघ्यापर्यंत आणली. त्या ऐकत राहिल्या. गोठ्यात कालवडीशिवाय कुणाचा आवाज नाही.

"हं. वर. हळूहळू."

अर्धी बाटली झाली असेल, गाईच्या मांडीचं कातडं थरथरायला लागलं. माशी बसल्यावर थरथरतं तसं, पण सगळीकडे. मी म्हटलं झालं, हे शेवटचं. मी डोळे मिटले. आणि तेवढ्यात ती ढेकरली. मोठ्ठा ढेकर, आंबट वासाचा, थेट माझ्या तोंडावर. मग शेण टाकलं. दारातली म्हातारी "आई गं माझे!" म्हणून ओरडली, शेण बघून कुणी इतकं खूश झालेलं मी बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी बोटाने मला नाक दाखवलं. कोरड्या नाकावर घामाचे बारीक थेंब आले होते.

बाटली संपल्यावर थोड्या वेळाने तिने मान स्वतःच सरळ केली. एकदा उठायला गेली, गुडघ्यावर आली, परत बसली. दुसऱ्यांदा मागचे पाय उचलले, आम्ही शेपटीकडून जोर दिला, आणि ती उभी राहिली. पाय फाकून, डुलत, पण उभी. आणि कालवडीच्या दिशेने हंबरली.

लोक पांगले. डॉक्टरीणबाई जाताना सुनेशी बोलल्या, माझ्याशी नाही. दोन-तीन दिवस पूर्ण धार काढायची नाही, कास अर्धी भरलेली ठेवायची. उद्यापर्यंत पुन्हा बसू शकते. मान वळवली, कान गार लागला की लगेच फोन करायचा. "उद्यापर्यंत पुन्हा" हे शब्द मी ओट्यावरून ऐकले.

मी चूक केली असं मी अजूनही म्हणत नाही. आमच्या गुरांना ते बरोबर होतं. हे जनावर वेगळं आहे, एवढंच.

संध्याकाळी धारेला बसलो. सून शेजारी उभी. आधी कालवडीला लावलं, मग मी बसलो. कपाळ कुशीला लावायची हिंमत झाली नाही. थोडं काढलं आणि हात थांबले. कास तट्ट भरलेली, धार आपण होऊन येते आहे, आणि साठ वर्षांची सवय म्हणते काढ. सोडलं तर कासेचा दगड. काढलं तर गाय. दोन्हीकडे भीती.

"काढू का अजून?" मी विचारलं. जन्मात मी धारेबद्दल कुणाला विचारलं नव्हतं.

"पुरे, मामा."

मी उठलो. तांब्याही भरला नव्हता. सुनेने तो बघितला आणि म्हणाली, "गिऱ्हाइकांना उद्या सांगते, आठवडाभर थांबा म्हणून. थांबतील तर थांबतील." कुठली धार कशाची, ते त्या दिवशी कुणी बोललं नाही.

उजेड उतरला होता. नात आली, पोरगा आला, आम्ही सगळे गोठ्यासमोर. गाय कडबा खात होती. आणि मग तिने पुढचे गुडघे टेकले आणि ती बसली.

मी काठी घेऊन धावलो. "ऊठ! ऊठ, हाड!" तिने दचकून उठायचा प्रयत्न केला. उठली. पाच मिनिटांनी परत बसायला लागली. पोराने टाळ्या वाजवल्या, मी ओरडलो, परत उठली. तिसऱ्या वेळी सुनेने माझ्या हातातली काठी घेतली.

"बसू द्या तिला. दमली आहे."

"ती दमून बसते की..."

"ते बसल्यावरच कळेल ना."

ती बसली. नीट, पाय पोटाखाली घेऊन. मान समोर होती. सून पुढे झाली आणि तिने कान मुठीत धरला. मी विचारलं नाही, गरम की गार. तिनेही सांगितलं नाही, नुसती धरून राहिली. आम्ही सगळे त्या गाईच्या जबड्याकडे बघत उभे होतो. रवंथ सुरू झालं तर ती विश्रांतीला बसली आहे. नाही झालं तर नाही.

जबडा बंद होता. शेजारीणही तिच्या दारात उभी होती, हातात पोळीचं पीठ तसंच.

मग गळ्याखालून एक गोळा वर सरकला आणि जबडा हलला. डावीकडून उजवीकडे. पुन्हा एकदा.